दमलेल्या माणसाची गाणी: जपानची 'इयाशी' आणि गोदाकाठची ओवी

जपानी भाषेतलं एक अक्षरही कळत नसताना जपानी गाणं ऐकून डोळ्यांत पाणी का येतं? यूट्यूबवर 'थकलेल्या मनासाठी जपानी गाणी' अशा अर्थाच्या याद्या ढिगानं सापडतात. संथ पियानो, दबका आवाज, पडद्यावर पावसातलं एखादं रिकामं स्टेशन. ही गाणी लहान मुलांसाठी नाहीत आणि नव्यानं प्रेमात पडलेल्यांसाठीही नाहीत. दिवसभर सगळ्यांचं सगळं करून रात्री ज्यांच्यात बोलायचंही त्राण उरत नाही, अशा मोठ्या माणसांसाठी ती आहेत.

जपानमध्ये अशा गाण्यांचं एवढं मोठं दालन कसं तयार झालं, हे आधी बघू. आणि मग जालन्याकडे येऊ. कारण हेच काम करणारी गाणी गोदाकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आहेत. त्यांची रेकॉर्ड कुणी काढली नव्हती, एवढाच काय तो फरक.

'इयाशी' म्हणजे काय?

'इयासु' म्हणजे बरं करणं, शमवणं. त्यावरून 'इयाशी'. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर 'फुंकर' म्हणता येईल. जखम फुंकरीनं भरत नाही, पण कुणीतरी फुंकर घालतंय याचं बरं वाटतं, तसं.

हा शब्द जपानमध्ये बाजारात कसा आला याची गोष्ट एका औषधी पेयाच्या जाहिरातींतून फार छान कळते. 'रिगेन' हे त्या ब्रँडचं नाव. १९८९ साली, जपानची अर्थव्यवस्था उधाणावर असताना, त्यांच्या जाहिरातीत सुटाबुटातला नोकरदार माणूस होता आणि सवाल होता की तुम्ही चोवीस तास लढू शकता का. हे वाक्य देशभर तोंडी बसलं. गंमत म्हणून नव्हे, अभिमानानं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, अतिकामामुळे मेलेल्या माणसांच्या कुटुंबांसाठी जपानी वकिलांनी फोनवरून सल्ला देणारी सेवा सुरू केली होती. अतिकामानं येणाऱ्या या मृत्यूला जपानीत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे. शब्दच तयार करावा लागला, यावरून काय ते ओळखा.

नव्वदच्या दशकात फुगा फुटला. कंपन्या बुडाल्या, जन्मभराच्या वाटणाऱ्या नोकऱ्या गेल्या. आणि १९९९ साली त्याच रिगेनच्या नव्या जाहिरातीत लढायची भाषा नव्हती. होता फक्त पियानो. र्‍युइची साकामोतो या संगीतकाराची 'एनर्जी फ्लो' नावाची धून, तीही शब्दांशिवाय. ती सिंगल म्हणून बाजारात आली आणि जपानच्या ओरिकॉन या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. निव्वळ वाद्यसंगीताची सिंगल तिथे पहिली येण्याची ही पहिलीच वेळ होती. दहा वर्षांत एकाच ब्रँडनं आधी माणसाला पळवायचं औषध विकलं आणि मग पळून दमलेल्याला बसायला जागा दिली. यात व्यापार होताच. पण ग्राहक खरे दमलेले होते, हेही तितकंच खरं.

दमल्या-हरलेल्या माणसाचं गाणं जपानला १९९९ मध्ये सापडलं असं मात्र नाही. १९६१ साली आलेलं 'उए ओ मुइते आरुको' हे त्यातलं सर्वात गाजलेलं. शीर्षकाचा अर्थ साधारण 'वर बघत चालू या'. वर कशासाठी, तर डोळ्यांतलं पाणी खाली ओघळू नये म्हणून. गीतकार एई रोकुसुके. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध १९६० मध्ये जपानमध्ये प्रचंड आंदोलन झालं आणि ते हरलं. त्या आंदोलनातून हताश होऊन परतताना मनात जे आलं, त्यातून हे गाणं निघालं. नाकामुरा हाचिदाईंनी चाल दिली आणि क्यू साकामोतोनं ते गायलं, मध्ये शीळही घातली. १९६३ च्या जूनमध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. तिकडच्या लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून त्याचं नाव ठेवलं 'सुकियाकी'. हे मांस घालून केलेल्या एका रश्श्याचं नाव आहे आणि गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उद्या कुणी आपल्या एखाद्या विराण्या गाण्याचं नाव परदेशात 'काळा मसाला' ठेवावं, तसला प्रकार. तरीही लाखो अमेरिकनांना शब्द न कळता त्यातला हुंदका कळला. १९८५ च्या विमान अपघातात क्यू साकामोतो गेला. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपाननं धीर धरायला पुन्हा हेच गाणं काढलं.

अंगाई नेमकी कुणासाठी?

जपानमध्ये 'कोमोरीउता' नावाचा लोकगीतांचा एक प्रकार आहे. भाषांतर करताना त्याला सरसकट अंगाई म्हणतात. पण 'कोमोरी' म्हणजे मूल सांभाळणारी, आणि ही मूल सांभाळणारी आई नसायची. गरीब घरातली आठ-दहा-बारा वर्षांची पोर दुसऱ्याच्या घरी राबायला पाठवलेली असायची. खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून. मालकाचं मूल तिच्या पाठीवर बांधलेलं, आणि ती स्वतःच मूल. ते रडलं तर बोलणी हिला. थंडीत बाहेर फिरवायचं हिनं.

या पोरींनी जी गाणी म्हटली, त्यांत झोपणाऱ्या बाळाचं कौतुक फारसं नाही. त्यात आहे ते स्वतःचं रडगाणं, शब्दशः. कुमामोतो प्रांतातल्या इत्सुकी गावची कोमोरीउता सर्वांत प्रसिद्ध आहे. पूर्वजांच्या स्मरणाचा 'बोन' हा सण कधी येतो आणि मला घरी कधी जायला मिळतं, याची ती वाट बघते. आपण मेलो तर आपल्यासाठी रडणार कोण, असंही मनात येतं. क्योतोजवळच्या ताकेदा वस्तीतली अशीच एक कोमोरीउता १९७१ मध्ये 'आकाई तोरी' या गटानं गायली आणि ती घराघरांत पोहोचली. पण पुढे बरीच वर्षं रेडिओ-टीव्हीवाले ती लावायला कचरत राहिले. कारण ती वस्ती 'बुराकु' म्हणून बहिष्कृत मानल्या गेलेल्या लोकांची होती. जातीचा विषय निघाला की गप्प बसायचं, हा रिवाज केवळ आपल्याकडचा नाही.

लेकी बोले सुने लागे, ही आपली म्हण इथे अगदी चपखल बसते. गाणं बाळाला म्हटलं जातं, ऐकवायचं असतं मालकाला, आणि त्यानं शांत व्हायचं असतं ते गाणारीनं स्वतः. दमलेल्या माणसाला 'मी दमलोय' असं सरळ म्हणायची सोय नसते. अंगाई ही सोय करून देते, कारण झोपलेल्या बाळाला काहीही सांगितलं तरी चालतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू एका दुसऱ्या गाण्यात आहे. 'आकातोम्बो', म्हणजे लाल चतुर. कविता मिकी रोफु यांची, १९२१ सालची. चाल यामादा कोसाकु यांनी १९२७ मध्ये दिली. संध्याकाळी उडणारे लाल चतुर बघून एका मोठ्या माणसाला आठवतं की आपण ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कुणाच्या तरी पाठीवर होतो. ती पाठ सांभाळणाऱ्या मुलीची. ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली, पुढे तिच्या गावाकडून येणारी खबरही थांबली. रोफुची आई तो लहान असतानाच घर सोडून गेली होती, हे माहीत असलं की या पाठीचं वजन कळतं. कोमोरीउता पोरीच्या बाजूनं, आकातोम्बो पाठीवरच्या मुलाच्या बाजूनं. दोन्ही एकामागोमाग ऐकावीत, असं माझं मत आहे.

जालना जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. फडात आई-बाप तोडणी करतात तेव्हा लहान भावंडाला कडेवर घेऊन बसलेली आठ-दहा वर्षांची बहीण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कोमोरी म्हणजे कोण हे वेगळं सांगावं लागणार नाही.

जात्यापाशी

आता आपल्याकडची गोष्ट. घरोघरी जातं होतं तोवर बाईचा दिवस पहाटे तीन-चारला दळणानं सुरू व्हायचा. घर झोपलेलं, अंधार, आणि दगडाची घरघर. एकटी किंवा समोरासमोर बसून दोघी, खुंट्याला हात. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी निघायची. पहिली देवाला, मग आई-बाप, भाऊ, लेकरं, आणि मग हळूहळू जे दिवसा बोलता येत नाही ते. सासरचा जाच. भाऊ न्यायला आला नाही याची रुखरुख. लेक दिली ते घर कसं निघेल याची धास्ती. सीता ही ओव्यांमधली मोठी मैत्रीण आहे. तिच्या वनवासाची गोष्ट बाया पुन्हा पुन्हा गातात, कारण तिच्या नावानं आपलंही सांगता येतं. जात्यालाच देव मानून त्याच्यापाशी मन मोकळं करणाऱ्याही ओव्या आहेत. दगड ऐकून घेतो आणि चार ठिकाणी सांगत फिरत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर क्रमाक्रमानं येत आहेत, काही आवाजासकट. त्यात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांचा भरणा आहे, पण गोदावरीच्या पलीकडच्या काठावरचं बीड जिल्ह्यातलं माजलगावही आहे. तिथल्या भीमनगरमध्ये १९९६ साली ध्वनिमुद्रण झालं आणि बाबासाहेबांवरच्या ओव्या मिळाल्या. जालन्याची दक्षिण सीमा म्हणजे गोदावरीच. नदीच्या अलीकडे परतूर-घनसावंगी, पलीकडे माजलगाव-गेवराई. सोयरीक दोन्ही तीरांवर होते, त्यामुळे ओवीही लेकीबरोबर इकडून तिकडे गेली असणार, असं मानायला हरकत नाही.

याच नदीवर, शेजारच्या परभणी जिल्ह्यात, जनाबाईचं गंगाखेड आहे. जनाबाई ही नामदेवांच्या घरची दासी, म्हणजे दुसऱ्याच्या घरी राबणारीच. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसायचा, अशी कथा आहे. तो देव आहे, मनात आणलं असतं तर दळण आपोआप झालं असतं. पण कथेत तसं होत नाही. तो खुंट्याला हात लावतो, एवढंच. काम तितकंच राहतं, एकटेपण कमी होतं. जपानी लोक ज्याला इयाशी म्हणतात, त्याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

आणि खुद्द जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबला, १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. समर्थ म्हटलं की बलोपासना आणि दासबोध आठवतो. पण त्यांची करुणाष्टकं वाचली तर एक पार थकलेला माणूस भेटतो. मन आवरत नाही, दिवस वाया गेले, आता तूच बघ, असा सूर. दिवेलागणीला आजी-आजोबा ती म्हणायचे तेव्हा मुलांना वाटायचं की हे देवाचं काहीतरी आहे. खरं तर घरातला कर्ता माणूस दिवसातून एकदा, सगळ्यांदेखत, आपण हतबल असल्याचं कबूल करत असायचा. तेही चालीत.

तेच पाच सूर

जपानी चाली आपल्या कानाला ओळखीच्या का वाटतात, याचं एक अगदी साधं उत्तर आहे. तिकडे 'योनानुकी' नावाची एक स्वरावली वापरतात. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकी' म्हणजे वगळलेलं. चौथा आणि सातवा सूर काढून टाकायचा. आपल्या भाषेत मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरतात सा, रे, ग, प, ध. पेटी शिकणारं कुठलंही मूल सांगेल की हा भूप झाला! आकातोम्बो याच पाच सुरांत आहे, 'उए ओ मुइते आरुको'चा बराचसा भागही. योगायोग असा की १९६१ मध्येच सुधीर फडक्यांचं 'ज्योती कलश छलके' आलं, तेही मुख्यतः याच सुरांतलं.

या पाच सुरांत एकमेकांना अगदी खेटून असलेले दोन सूर नाहीत, त्यामुळे खटकणारी जवळीक नाही. चाल टोचत नाही, आणि थोडीशी चुकली तरी वाईट लागत नाही. दमल्या गळ्याला झेपतील अशा चाली यातून होतात. अर्थात भूप जपानला आपण दिला किंवा त्यांनी आपल्याला दिला, असलं काही नाही. पाच सुरांच्या स्वरावल्या जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आहेत.

रडकं गाणं ऐकून बरं कसं वाटतं?

मन उदास असेल तर आनंदी गाणं लावावं, असा सल्ला सगळे देतात. तो बहुतेकदा लागू पडत नाही. जपानी संशोधक आई कावाकामी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४४ जणांना करुण संगीत ऐकवून दोन वेगवेगळे प्रश्न विचारले: हे संगीत कसं आहे, आणि ऐकून तुम्हाला कसं वाटलं? लोकांनी संगीताला जितकं दुःखी ठरवलं, तितकं दुःख त्यांना स्वतःला झालं नव्हतं. उलट काही गोड, हळव्या भावनाही जाग्या झाल्या होत्या. गाण्यातलं दुःख खरं असतं, पण त्याचा हप्ता आपल्याला भरायचा नसतो.

शरीराचाही भाग आहे. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं की संगीताच्या लयीप्रमाणे श्वास आणि नाडी बदलते. पण सगळ्यात जास्त विसावा मिळाला तो मध्येच घातलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. ओवीतही एक कडवं संपल्यावर दुसरं सुचेपर्यंत नुसती जात्याची घरघर चालू राहायची. सारखं गात राहिलं पाहिजे असं नव्हतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थकवा आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, जगण्याचाच कंटाळा आलाय, तर त्यावर प्लेलिस्ट हा इलाज नाही. मराठवाड्यानं याची किंमत फार मोजली आहे. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो.

ऐकायचं तर कुठून?

'एनर्जी फ्लो'पासून सुरुवात सोपी, कारण भाषेचा अडसरच नाही. मग आकातोम्बो, शक्यतो साध्या आवाजातलं, ऑर्केस्ट्राचा थाटमाट नसलेलं. घर सोडून पुण्यात, चाकणला, वाळूजला राहणाऱ्यांनी १९१४ चं 'फुरुसातो' ऐकावं. फुरुसातो म्हणजे आपलं गाव. डोंगर, ओढा, आई-बाप कसे असतील हा प्रश्न, आणि कधीतरी परत जायचा बेत. मिसोरा हिबारी या थोर गायिकेचं 'कावा नो नागारे नो यो नि' म्हणजे 'नदीच्या प्रवाहासारखं'. जानेवारी १९८९ मध्ये ते आलं आणि जूनमध्ये ती गेली. चोवीस तास लढण्याची जाहिरात गाजत होती तेच हे वर्ष, हे ध्यानात ठेवून ऐकलं की जास्त लागतं. 'हाना वा साकु', म्हणजे 'फुलं फुलतील', हे त्सुनामीनंतर २०१२ मध्ये एनएचकेनं काढलेलं गाणं. त्यात बोलणारा आवाज मागे उरलेल्यांचा नाही, गेलेल्यांचा आहे. हे रात्री एकट्यानं ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी.

जपानमधल्या बऱ्याच गावांत संध्याकाळी पाचच्या सुमारास सार्वजनिक भोंग्यांवर एखादी जुनी बालगीताची धून वाजते, बहुतेक ठिकाणी 'युयाके कोयाके'. खरा हेतू आपत्तीच्या वेळचे भोंगे चालू आहेत की नाहीत हे तपासण्याचा. पण मुलांना तो घरी जायचा इशारा असतो, आणि मोठ्यांना आपण कधीतरी मूल होतो याची आठवण. त्यांनी आपली कष्टाची, विरहाची गाणी शाळेच्या पुस्तकांत आणि चौकातल्या भोंग्यांवर ठेवली. आपण ओव्या लोकसाहित्याच्या खंडांत नेऊन ठेवल्या, हे मला खटकतं. विजेवरची गिरणी आली हे चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून दळावं असं कुठल्या बाईला पुन्हा वाटेल? पण दळणाबरोबर बोलण्याची जागाही गेली आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही.

ओवी अजून ऐकायला मिळते ती लग्नघरी, हळदीच्या आधी घाणा भरताना, जात्याला हात लावायच्या निमित्तानं. घरात ऐंशीच्या आसपासची आजी असेल तर मात्र लग्नाची वाट बघायची गरज नाही. तिला विचारा. पहिल्यांदा ती म्हणेल, आता काय आठवतंय मला. दोन मिनिटं गप्प बसा. हाताला काहीतरी काम द्या, लसूण सोलायला किंवा गहू निवडायला. हात चालू लागला की बहुधा ओवी येते.